आमटी भुवन, कवळी रोड

लग्नानंतर मुलुंडला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहिलो, त्या घरातून रोज दोन गाड्या जायच्या. घराजवळून नाही, घरातून. ओट्याच्या वर, मसाल्याच्या डब्यांना जवळजवळ घासून, एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

एजंटनं हे आम्हाला सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला होता, "मालकीणबाई जरा हटके आहेत, पण माणूस सोनं." मालकीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. सत्तरीला टेकलेल्या, उंच, एकट्या, पांढऱ्या कोटाखाली कायम फुलाफुलांची सलवार. तळमजल्यावरचा लांबुळका ब्लॉक होता. पुढच्या खोलीत दवाखाना, मधल्या खोलीत त्या, आणि मागच्या दीड खोलीत आम्ही. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला खुर्चीत बसवलं. त्याच खुर्चीत, दवाखान्यात दुसरी नव्हतीच. आळीपाळीनं आ करायला लावला, दोघांची दातांची रांग बघितली, आणि मग अटी सांगितल्या.

"मांसमच्छी चालेल. पाहुणे चालतील. मांजर पाळलंत तर मला आवडेलच. फक्त माझी गाडी तुमच्या स्वयंपाकघरात वळेल."

माझ्या नवऱ्याला वाटलं मोटार. तो म्हणाला, "पण डॉक्टर, दार केवढंसं आहे."

"दार कशाला लागतंय? भोक आहे ना."

भोक होतं. मधल्या भिंतीत, वरच्या बाजूला, ताटाएवढं. त्यातून एक अरुंद फळी आमच्या स्वयंपाकघरात यायची, ओट्यावरून वळसा घालून त्याच भोकातून परत जायची. फळीवर रूळ होते. डॉक्टरबाईंची खोली अरुंद, आणि गाडीला वळायला जागा लागते. इतकं साधं कारण. आधीचे भाडेकरू या कारणावरून पळाले होते. आम्ही राहिलो, कारण नवरा अंधेरीला विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला होता आणि म्हणाला, "घरी आल्यावर तरी काहीतरी वेळेवर सुटलेलं बघायला मिळेल."

मधली खोली म्हणजे बाईंचं राज्य. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर रूळ, रुळांकाठी डोंगर, शेतं, देवळं, घरं. डोंगर दातांचे ठसे भरायच्या प्लास्टरचे. ढग कापसाच्या बोळ्यांचे. घरांची कौलं कवळीच्या गुलाबी मसाल्याची, त्यामुळे लांबून बघितलं की सगळं गाव हिरड्यांसारखं दिसायचं. खिडक्यांना काचा म्हणून जुने एक्स-रे कापून लावलेले. आतला दिवा लागला की पोस्टाच्या खिडकीत एक दाढ उगवायची.

"ही कुणाची?" मी एकदा विचारलं.

"एका पोस्टमास्तरांचीच आहे. पोस्टाला उगाच कुणाचीही कशी लावेन?"

स्टेशनांची नावं सुळेवाडी, दाढेगाव बुद्रुक, दाढेगाव खुर्द. आमच्या ओट्यावरच्या वळणाला जे स्टेशन होतं त्याचं नाव कवळी रोड. ज्या स्टेशनाला रोड लागतं तिथून गाव लांब असतं, तसं कवळी हे गाव लांब होतं, म्हणजे नव्हतंच. नुसता एक फलाट आणि त्यावर छत्री घेतलेला एक माणूस. तो कधीच कुठल्या गाडीत चढला नाही.

गाडी सोडण्याआधी बाई भिंतीवर टकटक करायच्या, तोंडात घालायच्या त्या छोट्या आरशाच्या दांड्यानं. रुळांवर काही ठेवलेलं नाही ना, हे बघून मी उलथन्यानं उलटी टकटक करायचे. म्हणजे लाइन क्लिअर. मग भोकातून आधी घरघर यायची, मग दिवा, मग इंजिन. डब्यांच्या खिडक्यांत रंगवलेली माणसं बसलेली असायची. नवरा अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आला आणि नेमकी गाडी आली, तर तो चटकन दाराआड व्हायचा. शेवटपर्यंत त्याची ती सवय गेली नाही.

अधूनमधून मालगाडी यायची. उघड्या वाघिणीत एक लिंबू, दुसरीत दोन मिरच्या. म्हणजे बाईंना पोह्यांसाठी मूठभर शेंगदाणे हवे असायचे. मी भरून पाठवायचे. एकदा माझा ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू असताना डोक्यामागून मालगाडी गेली. साहेब बोलता बोलता थांबले. "मागून काय गेलं ते?"

"सर, मालगाडी."

ते हळहळून म्हणाले, "फारच लाइनीजवळ राहता हो तुम्ही."

डॉक्टर म्हणून बाईंची ख्याती विचित्र होती. त्या दात काढत नसत. कितीही किडलेला, हललेला असो, त्या त्याला वाचवायच्या मागे लागत. "काढून टाकायला काय अक्कल लागते? ठेवायला लागते," हे त्यांचं वाक्य दिवसातून निदान एकदा तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एखादा गालावर हात धरून आला आणि म्हणाला, "बाई, उपटून टाका एकदाचा," तर त्या त्याला हाकलून देत. "उपटणारे पुष्कळ आहेत स्टेशनासमोर. तिकडे जा आणि मग जन्मभर खिमा खा." पेशंट रडवेला होऊन परत खुर्चीत बसायचा.

गाड्यांचंही तेच. जुन्या बाजारातून त्या मोडकेतोडके डबे गोळा करून आणत. चाललेच तर चालवत. चालायचे थांबले की त्यांचं घर करत. चाकं काढायची, खाली प्लास्टरचं जोतं घालायचं, बाजूला दार पाडायचं, वर कौलं चढवायची. दाढेगावचं पोस्ट एके काळी टपालाचाच डबा होता. सुळेवाडीची शाळा म्हणजे तिसऱ्या वर्गाचा डबा. "बाकं आतच होती," बाई म्हणायच्या, "मास्तर तेवढे बसवले." त्यांच्या राज्यात काहीही भंगारात जात नसे. थकलं की स्थायिक होई.

आता त्यांच्या भावाबद्दल सांगायला हवं. बाई त्यांना धाकटा म्हणायच्या, आम्ही भाऊसाहेब. घाटकोपरला एका टॉवरमध्ये राहायचे. विमा कंपनीत सर्व्हेअर होते. आगी लागलेल्या गोदामांत जाऊन काय जळलं आणि काय जळलं नाही, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. कपड्यांची घडी इतकी कडक, की ते बसले तरी उभेच आहेत असं वाटायचं.

या दोघांचे वडील बोटीवर होते. त्यांनी पोरांसाठी परदेशातून एक आगगाडी आणली आणि दोघांत वाटून दिली. इंजिन आणि रूळ मुलीला, डबे मुलाला. त्यांचा विचार सरळ होता. इंजिनाला डबे लागतात आणि डब्यांना इंजिन, म्हणजे भांडली तरी पोरं एकत्र खेळतील. पोरं बापापेक्षा हट्टी निघाली. भाऊसाहेबांनी आपले डबे मूळच्या खोक्यांत, चिकटपट्टीसुद्धा न काढता, कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. "वस्तू वापरली की तिची किंमत गेली," हे त्यांचं म्हणणं. "न वापरलेला दात पडतोच," हे बाईंचं.

तडजोड अशी निघाली होती, की दर दिवाळीला भाऊसाहेब एक खोकं घेऊन यायचे. त्यातला डबा बाईंना वर्षभर वापरायला द्यायचे आणि आदल्या वर्षीचा भिंगातून तपासून परत न्यायचे. ओरखडा दिसला तर एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त चहा अर्धा टाकायचे.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी त्यांनी निळा जेवणाचा डबा आणला. दीड वीत लांब, आत टेबलं, टेबलांवर बोटाच्या पेराहून लहान दिवे. देताना ते म्हणाले, "ताई, हा लांब आहे. तुझ्या त्या कवळी रोडच्या वळणावर वळायचा नाही."

"तू तुझी गोदामं बघ," बाई म्हणाल्या.

बाईंनी तो बरेच महिने सरळ मार्गावर जपून वापरला. मग पुढची दिवाळी तोंडावर आली, आणि बहुतेक परत द्यायच्या आधी एकदा पूर्ण फेरी मारून बघू असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळी टकटक झाली. मी रूळ बघितले, मोकळे होते, उलटी टकटक केली. शेगडीवर आमटी रटरटत होती. इंजिन वळलं. मागचे दोन डबे वळले. निळा डबा मात्र सरळ निघाला. फळीच्या कडेवर क्षणभर थांबून त्यानं जणू खाली बघितलं आणि मग, मी हात पुढे करीपर्यंत, नाकावर आमटीत जाऊन कुशीवर कलंडला.

मी ओरडले. बाई हातमोजे घातलेल्या तशाच धावत आल्या. खुर्चीत एक पेशंट तोंडात बोळे भरून आ वासूनच राहिला होता. मी सांडशीनं डबा वर काढला. त्याच्या खिडकीतून तुरीची डाळ गळत होती.

बाईंनी वास घेतला. "कोकम घातलंयस? छान लागत असेल," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मग डबा ओट्यावर आडवा केला, कोटाच्या खिशातून आरसा काढला आणि वरून, खालून, आतून तपासला. खालची चौकट वितळून वाकली होती. चाकं गेली होती. एक बाजू पापडासारखी वळली होती. दुसरी बाजू, जी आमटीच्या वर राहिली होती, ती मात्र तशीच्या तशी निळी.

"मुळं गेली," बाई म्हणाल्या. "अर्धा मुकुट शाबूत आहे."

मग त्या माझ्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना कधी माझ्याकडे बसलेलं पाहिलंच नव्हतं.

"भाऊसाहेब ओरडतील?" मी विचारलं.

"ओरडला असता तर बरं झालं असतं गं. तो ओरडत नाही. गप्प बसेल, डबा खोक्यात घालेल आणि जाईल. पुढच्या वर्षी कशाला येईल मग? ही एक देवाणघेवाण आहे म्हणून तरी येतो. नाहीतर भाऊबीजेला त्याची बायको मिठाईचा पुडा कुरियरनं पाठवेल."

त्या आठवड्यात बाईंनी त्यांना फोन करायचा पुष्कळ प्रयत्न केला. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "हॅलो, मी बोलतेय. ऐक, तुला एक सांगायचं होतं..." मग, "तुझी ती खालची डावी दाढ कशी आहे? गरम-थंड लागतं का अजून?" भाऊसाहेबांच्या त्या एका दाढेची इतकी चौकशी झाली, की शेवटी ते घाबरून दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आले.

पण डबा काही त्यांनी लपवला नाही. लपवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "चालणार नाही ना? मग राहील," असं म्हणून त्यांनी त्याचं घर करायला घेतलं. कवळी रोडला काय बांधावं, यावर त्यांनी सगळ्या पेशंटांचं मत घेतलं, आणि तेही तोंडात हात असताना. "दवाखाना बांधू की कँटीन? दवाखाना?" "आँ." "कँटीन?" "आँऽऽ!" लांब 'आँ'ला एक मत, असा हिशेब होता. ड्रिल फिरत असताना विचारलेल्या प्रश्नाला लांब 'आँ' येणारच. कँटीन प्रचंड बहुमतानं निवडून आलं.

त्यांनी डबा उभा चिरला, लांबीतून, पाव कापतात तसा. वाकडी बाजू काढली. चांगली बाजू आमच्या ओट्यावरच्या टाइल्सना लावून उभी केली. अर्धंच घर, पण समोरून बघणाऱ्याला पूर्ण वाटेल असं. खाली जोतं आलं, पायऱ्या आल्या, वर गुलाबी कौलं आली. बाटलीच्या झाकणाचा गल्ला झाला. छत्रीवाल्या माणसाला पहिल्यांदाच कुठेतरी जायला मिळालं. बाईंनी त्याला दारात नेऊन ठेवलं. पाटी लागली, आमटी भुवन. खाली फळा, नखाएवढा. त्यावर सुईच्या टोकानं लिहिलं होतं: आमटी-भात. आमटी-पाव. नुसती आमटी.

दिवाळीला माझे सासूसासरे कुडाळहून आले. मी घाबरले होते, कारण रेल्वेबद्दल आम्ही त्यांना काही सांगितलंच नव्हतं. सासूबाई पिशवी खाली ठेवून स्वयंपाकघरात आल्या आणि तेवढ्यात संध्याकाळची गाडी त्यांच्या कानाजवळून गेली.

"अगो बाय माझे! ह्या काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून कँटीन न्याहाळलं. मला वाटलं, आता आमचं बिऱ्हाड हलणार. पण त्या बाईंना म्हणाल्या, "डॉक्टरीण बाय, घर बांधलास ता झकास. पण गाऱ्हाणा घातलास?"

"ते काय असतं?"

"देवाक सांगूक नको? नवीन वास्तू ती. तसाच राहाक गेलास तर पडतला."

"पडून झालंय एकदा," बाई म्हणाल्या.

"मगे? म्हणान सांगतंय."

सासरे आयुष्यात फार कमी बोलले. पण गाऱ्हाणं घालायला सांगा, तेव्हा त्यांच्यात दुसराच माणूस उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओट्यासमोर उभे राहिलो. नारळ आला, विडा आला. दवाखान्यातले एक गिरणीवाले काका, ज्यांना नुकतंच भूल द्यायचं इंजेक्शन दिलं होतं, तेही बोलावले गेले. भूल चढेपर्यंत नाहीतरी बसूनच राहायचं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले. सासऱ्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या मुलुंड गावात, डॉक्टरीण बायच्या जाग्यात, जा काय ह्या कँटीन उभा केलला असा, ता तू मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गिरणीवाल्या काकांचा अर्धा ओठ झोपला होता. ते मनापासून म्हणत होते, "ह्वय ह्वाराजा."

"येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हायकाक सुखात ठेव. गाडी रुळावरच ऱ्हांव दे. आमटीत परत काय पडता नये. आणि ह्या घराक कोणी वाकड्या नजरेन बघल्यान, हलवूक गेलो, तर त्येका तू तुझ्या परीन समज दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज एक जास्त आला. आम्ही डोळे उघडले. दारात भाऊसाहेब हात जोडून उभे होते, डोळे मिटून. बगलेत खोकं. दवाखान्याचं दार उघडं, आत पूजा चाललेली. कडक घडीचा सभ्य माणूस दुसरं काय करणार? ते एक दिवस आधीच आले होते. दाढेच्या चौकशीनं त्यांना वाटलं होतं, ताईलाच काहीतरी झालंय आणि ती सांगत नाही.

मग त्यांनीही डोळे उघडले आणि समोर त्यांचा निळा डबा दिसला. अर्धा. गुलाबी कौलांचा.

गिरणीवाल्या काकांनी ओठ पुसला.

"तू म्हणाला होतास तसंच झालं," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मी वळून बघितलं. "वळला नाही. आमटीत पडला."

"कसली आमटी?"

"तुरीची," मी म्हटलं. "कोकम घालून."

भाऊसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. कौलं बघितली, जोतं बघितलं. "टोटल लॉस," ते स्वतःशीच म्हणाले आणि कँटीन उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नकात!" सासूबाई गरजल्या. "घर झाला आता ता. कोणाचा बसलला घर उचलतत काय?"

"अहो बाई, पण हा डबा माझा आहे."

"असात. पण तुमीच आता व्हय म्हाराजा म्हणालात. आमी सगळ्यांनी ऐकला. आता हलवशात तर देव काय तुमका सोडूचो नाय."

भाऊसाहेबांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी, आपला यात काही इलाज नाही, अशी मान हलवली. आगीची एवढी गोदामं बघितलेला तो माणूस तिथे अडकला. हात तसाच अधांतरी राहिला, मग हळूहळू खाली आला. ते पुन्हा वाकले. भिंग फळ्यावर नेलं आणि ओठ हलवत वाचलं. आमटी-भात. आमटी-पाव. नुसती आमटी. त्यांच्या मिशीला काहीतरी होऊ लागलं. रडणार की काय, अशी मला भीती वाटली. बाई कोटाची गुंडी पिरगाळत उभ्या होत्या.

"ताई," ते वाकलेलेच म्हणाले, "नुसती आमटी पिणारे पण येतात इथं?"

"येतात. पुष्कळ."

"वाट्याच्या वाट्या?"

"हो."

"मग मुतारी कुठाय?"

बाई गोंधळल्या. "काय?"

"रेल्वेचं कँटीन आहे. माणसं आमटी पिणार, गाडीची वाट बघत बसणार. जाणार कुठं? डोंगराआड? तुझं नेहमी असंच. मोठी कामं करतेस आणि मुद्द्याचं विसरतेस."

"जागा होती रे. डबा नव्हता."

भाऊसाहेबांनी बगलेतलं खोकं ओट्यावर ठेवलं. त्या वर्षी द्यायला आणलेला, गार्डचा छोटा तपकिरी डबा होता आत. खोक्यावरची चिकटपट्टी पिवळी पडून कागदासारखी झाली होती. ती त्यांनी आजवर काढली नव्हती. दर वर्षी खोकं हातात आल्यावर बाईंनीच ती हळुवार सोडवायची, हा नियम होता. आज ती भाऊसाहेबांनी नखानं टर्रकन फाडली.

पुढे ते दर रविवारी यायला लागले. आम्ही बोरिवलीला राहायला गेलो तोपर्यंत कवळी रोडला पंचायत, रेशनचं दुकान आणि एक वादग्रस्त ब्युटी पार्लर झालं होतं, आणि प्रत्येक दार कुठल्या बाजूला असावं यावरून बहीणभाऊ आमच्या ओट्यावर कडकडून भांडायचे. पण मला आठवतो तो त्यांनी कापलेला पहिला डबा, त्याच सकाळचा, मुतारीचा. बाई म्हणाल्या, "दे, मी कापते." भाऊसाहेब म्हणाले, "नाही, मी." बाईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं, गळ्याला पेशंटचा कागदी रुमाल बांधला, दिवा वळवला, समोरच्या ट्रेवर डबा पक्का बसवला आणि त्यांच्या हातात ड्रिल दिलं. मागे आम्ही सगळे गर्दी करून उभे होतो, गिरणीवाले काकासुद्धा.

"घट्ट धर," बाई म्हणाल्या. "श्वास घे. दुखलं तर डावा हात वर कर."

ड्रिल सुरू झालं. भाऊसाहेबांनी ताबडतोब डावा हात वर केला, आणि तो तसाच वर ठेवून उजव्या हातानं ते कापत राहिले.